लेकीकडं निघालोय, साध्या काठीनं लेक ट्राउट घावंल काय?

बंधाऱ्यावरचा_गळ | ९ मार्च, रात्री ९:५२

मंडळी नमस्कार. इथं वाचतो रोज, लिहितोय पहिल्यांदा. चूकभूल द्यावी घ्यावी.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर छत्तीस वर्षं काढली, आता घरी. मासे धरायचा नाद मात्र शाळेपासनं. राजाराम बंधाऱ्यावर वेळूची काठी, तंगूस, बूच, शिशाचा बारका गोळा आणि डबाभर गांडुळं, एवढ्यावर आयुष्य गेलं. वाम, मरळ, चिलापी, नशीब असलं तर मृगळ. रीळ असलेली काठी धाकट्या भावानं दिलेली आहे, पण ती निम्मा वेळ माळ्यावरच असते.

तर लेक कॅनडात असते, ओंटारिओतल्या हंट्सविलला. मेच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोघं तिकडं चाललोय. जावईबापूंना माझा नाद माहीत. ते म्हणतात जवळच अल्गोंक्विन पार्क आहे, तिथल्या तळ्यांत लेक ट्राउट असतो, धरू या. आणि सोबत चार व्हिडिओ पाठवले. ते बघून माझा जीव दडपला. मोटारबोट, पाण्यातलं दाखवणारा पडदा, तारेला जड गोळा बांधून गळ शंभर फूट खाली नेणारं यंत्र. डाउनरिगर म्हणतात त्याला. जावयाकडं यातलं काही नाही, एक वल्ह्याची कनू, म्हणजे अरुंद होडी, आहे फक्त. आणि माझ्यापायी त्यांनी खर्चात पडावं असं मला वाटत नाही.

कुणी हा मासा साध्या सामानावर धरलाय काय? की नुसतं तळं बघून परत यायचं?

मिसळ_एक्स्ट्रा_कट | ९ मार्च, रात्री १०:०५

लेकीकडं जाऊन लेक ट्राउट. काका, मासा घावो न घावो, धाग्याचं नाव एक नंबर.

शाहूपुरी_तिसरी_गल्ली | ९ मार्च, रात्री १०:११

शंभर फूट खाली? आपल्याकडं शंभर फुटांवर बोअरला पाणी लागतंय. 😀

मस्कोका_मराठी | १० मार्च, सकाळी ६:४०

काका, मी मूळची गडहिंग्लजची, हंट्सविलपासून पाऊण तासावर राहते, बारा वर्षं झाली. तुम्ही नेमक्या योग्य वेळी येताय. काळजी करू नका. जे व्हिडिओ तुम्ही पाहिलेत ते जुलै-ऑगस्टचे आहेत. मेमध्ये त्या यंत्राचं काही काम नसतं.

अल्गोंक्विनच्या तळ्यांवरचा बर्फ साधारण एप्रिलअखेर ते मेच्या पहिल्या आठवड्यात फुटतो. त्यानंतरचे तीन-चार आठवडे हा मासा काठाजवळ येतो. इतका जवळ की खडकावर उभं राहून टाकलेल्या गळाला लागतो. जूनच्या मध्यापासून खाली जायला लागतो, आणि मग खरंच यंत्र लागतं. म्हणजे तुम्हाला पहिला महिनाच आहे. लेकीला सांगा, नायगारा नंतर दाखव.

सामान सांगते. साडेसहा-सात फुटी साधी स्पिनिंग काठी, साधं रीळ, आठ पौंडी तंगूस. तुमच्या भाषेत पाव मिलिमीटरच्या आसपास. चांदीच्या रंगाचे दोन-तीन चमचे, म्हणजे धातूचे हलणारे लुअर, खोटं आमिष. बस्स. माळ्यावरची काठी खाली काढा आणि रिळात तेल घाला.

जागा कशी ओळखायची: नकाशात काठाचं टोक जिथं पाण्यात घुसलेलं दिसतं आणि पुढं लगेच खोल आहे, ती जागा. दुसरी, ओढा तळ्याला मिळतो ते तोंड. स्मेल्ट नावाची बारकी मासळी बर्फ गेल्यावर लगेच अशा तोंडाशी अंडी घालायला जमते, तिच्यामागं ट्राउट येतो. सगळ्या तळ्यांत स्मेल्ट नसते, पण ओढ्याचं तोंड कुठंही बघण्यासारखं.

पहाटे आणि ढगाळ दिवशी जा. चमचा फेका, थोडा बुडू द्या, मग अगदी हळू ओढा. आपल्याला हळू वाटतं त्याच्या निम्म्यानं.

बंधाऱ्यावरचा_गळ | १० मार्च, सकाळी ७:१५

ताई, लाखमोलाचं सांगितलंत. माळ्यावर चढलोच. रिळात झुरळ निघालं.

एक शंका. मेमध्ये वर आणि जुलैत शंभर फूट खाली, असं का? आमचा मरळ बारा महिने काठालाच असतो.

तळ्याकाठची_बाई | १० मार्च, दुपारी ४:३०

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे, म्हणून मध्ये पडते.

उन्हाळ्यात विहिरीत उडी मारली आहे ना? वरचं हातभर पाणी कोमट आणि पाय खाली गेले की एकदम गार. तोच प्रकार, फक्त मोठ्या मापाचा. कोमट पाणी हलकं, ते वर तरंगतं. गार पाणी जड, ते खाली बसतं. दोघांच्या मध्ये एक सीमा तयार होते आणि ती ओलांडून वरचं-खालचं पाणी सहसा मिसळत नाही. ट्राउटला दहा अंश सेल्सियसच्या आसपासचं पाणी मानवतं. वर वीस-बावीस अंश झालं की तो बिचारा त्या सीमेखालच्या गार खोलीत जाऊन बसतो.

आता वसंतातली गंमत. पाणी सर्वांत जड असतं ते ४ अंशांना, शून्याला नव्हे. म्हणून हिवाळ्यात गोठायला आलेलं पाणी वर राहतं, बर्फ वरच धरतो आणि तळाशी ४ अंशांचं पाणी राहतं. बर्फ गेला, उन्हानं वरचं पाणी शून्यावरून चारवर आलं की ते जड होऊन खाली जातं. काही दिवस असे येतात की तळापासून वरपर्यंत सगळं तळं एकाच तापमानाचं. वारा सुटला की घुसळण होते आणि प्राणवायू सगळीकडं पोचतो. माशाला कुठंच मज्जाव नाही. मग तो जिथं खायला मिळतं तिथं जाणार. आणि खायला काठाजवळ, कारण उथळ पाणी आणि काळे खडक आधी तापतात, किडे आणि बारकी मासळी तिथं आधी हलायला लागते.

थोडक्यात जुलैचं ते यंत्र मासा शोधायला नसतं, थंडी शोधायला असतं.

आणखी एक. नाव ट्राउट असलं तरी हा खरा ट्राउट नाही, 'चार' (इंग्रजीत char) नावाच्या माशांच्या गटातला आहे. शास्त्रीय नाव साल्वेलिनस नमायकुश. खरा ट्राउट फिकट अंगावर गडद ठिपक्यांचा, हा गडद अंगावर फिकट ठिपक्यांचा. शेपटी खोल दुभंगलेली. हाती लागला तर एवढं बघा.

पाटलांचा_बारका | १० मार्च, रात्री ८:०२

बाई, मग आपल्या राधानगरीत सोडला तर? लक्ष्मी तलाव खोल हाय, थंडीत पाणी पण बर्फागत असतंय.

तळ्याकाठची_बाई | १० मार्च, रात्री ८:२०

बर्फागत तुम्हाला वाटतं, माशाला नाही. आपल्याकडचं खोल पाणीसुद्धा त्याच्या हिशेबानं कोमटच. भारतात काश्मीर, हिमाचल, निलगिरी, मुन्नार अशा थंड ठिकाणी ट्राउट आहे, पण तो तपकिरी आणि इंद्रधनुषी, साहेबांनी आणलेला. लेक ट्राउट उत्तर अमेरिकेचा.

आणि बाहेरचा मासा सोडायची हौस बरी नव्हे. अमेरिकेतल्या यलोस्टोन तळ्यात हाच लेक ट्राउट कुणीतरी सोडला होता. १९९४ मध्ये तो तिथं असल्याचं कळलं. तोवर त्यानं तिथल्या मूळच्या कटथ्रोट ट्राउटची वाट लावायला सुरुवात केली होती. कटथ्रोट ओढ्यात चढायचा, अस्वलं-गरुड त्याच्यावर जगायचे. हा खोलात राहतो, त्यांच्या हाती लागत नाही. तिथं आजही जाळी लावून लेक ट्राउट काढतात. आपल्या तळ्यांत चिलापीनं काय केलं ते गळवाल्यांना मी सांगायला नको.

बंधाऱ्यावरचा_गळ | १० मार्च, रात्री ९:३०

चिलापीचं नाव काढलंत आणि वर्मावर बोट ठेवलंत. गांडूळ टाकलं की पहिली तीच.

बरं, गांडूळ तिकडं चालतं काय? की बरोबर न्यावी लागतील 😀

मस्कोका_मराठी | ११ मार्च, सकाळी ६:१०

विमानतळावर डबा उघडला तर लेकीला तुम्हाला सोडवायला यावं लागेल. गांडुळं इथं पेट्रोल पंपावर डबीत मिळतात. पण उरलेली जंगलात टाकायची नाहीत. या भागात हिमयुगानंतर देशी गांडुळं उरलीच नव्हती, आत्ता आहेत ती युरोपातून आलेली. ती जमिनीवरचा पालापाचोळा संपवतात आणि इथलं जंगल त्या पाचोळ्यावर उभं आहे. शेतकऱ्याचा मित्र इथं आल्यावर बिघडतो.

अल्गोंक्विनमध्ये जिवंत मासळी आमिष म्हणून वापरायला किंवा जवळ बाळगायलाही बंदी आहे. म्हणून चमचाच बरा.

आणि लायसन्स! ही चूक बऱ्याच आई-वडिलांकडून होते. इथल्या रहिवाशांना ६५ नंतर लायसन्स लागत नाही. ते ऐकून लोक पाहुण्या म्हाताऱ्यांनाही तसंच बसवतात. पाहुण्यांना ही सूट नाही. १८ च्या वरच्या प्रत्येक परदेशी माणसाला हवंच. एक दिवसाचं, आठ दिवसांचं, वर्षाचं, असे प्रकार मिळतात. एक दिवसाच्याला वेगळं कार्ड लागत नाही, बाकीच्यांना आउटडोअर्स कार्ड लागतं. किती मासे ठेवायचे, केव्हापासून केव्हापर्यंत, हे विभागवार बदलतं आणि काही तळ्यांचे नियम आणखी वेगळे. जावयांना सरकारी नियमावली उघडून त्या तळ्याचं नाव शोधायला सांगा. माझ्या सांगण्यावर जाऊ नका.

चंदगडी_काजू | ११ मार्च, सकाळी ९:४४

आमच्याकडं नदीवर उभं राहायला लायसन्स विचारलं तर लोक येडं म्हणतील.

तळ्याकाठची_बाई | ११ मार्च, सकाळी १०:०५

आपल्याकडंही धरणं-तलाव मासेमारी संस्थांना ठेक्यानं दिलेले असतात, विचारून टाकायचा असतो गळ. आपण विचारत नाही, एवढंच.

बंधाऱ्यावरचा_गळ | ११ मार्च, रात्री ९:१८

चमच्याबद्दल बोलायचंय. नेटवर बघितलं, तो खरोखर चमच्याच्या खोलगट भागासारखाच दिसतो. मग विकत कशाला? एवढी वर्षं लेथवर काढलीत ती कशासाठी? घरातला स्टीलचा एक चमचा घेतला, दांडी कापली, दोन्ही टोकांना भोकं पाडली, धार काढली, जुन्या दोस्ताच्या दुकानात बफ मारून घेतला. वर कडी, खाली तिकाटी गळ. आरशागत चमकतोय. दोन केलेत. फोटो टाकता येईना, मुलाला विचारतो.

मिसळ_एक्स्ट्रा_कट | ११ मार्च, रात्री ९:२५

काकूंना विचारून घेतला होता काय चमचा?

बंधाऱ्यावरचा_गळ | ११ मार्च, रात्री ९:२७

सहाचा सेट होता. कुणी मोजत नाही.

गळ_आणि_गप्पा | १२ मार्च, दुपारी १:००

काका, तुम्ही जे केलंत तेच मूळ आहे. अमेरिकेत ज्युलिओ ब्यूएल म्हणून एक होता, एकोणिसाव्या शतकात. त्याची कथा सांगतात की होडीत जेवताना हातातला चमचा पाण्यात पडला आणि बुडता बुडता एका माशानं त्याच्यावर झडप घातली. त्यानं घरी येऊन चमच्याची दांडी कापली. कथा खरी की खोटी देव जाणे, पण १८५२ मध्ये त्यानं या आमिषाचं पेटंट घेतलं हे खरं.

आणि कॅनडात विल्यम्स नावाचे चमचे मिळतात, त्यांना खऱ्या चांदीचा मुलामा असतो. म्हणजे हुपरीवाल्यांना धंदा आहे बघा तिकडं.

शाहूपुरी_तिसरी_गल्ली | १२ मार्च, दुपारी १:१२

हुपरीचा पैंजण पायात आणि हुपरीचा चमचा ट्राउटच्या तोंडात. नादच खुळा.

मस्कोका_मराठी | १२ मार्च, संध्याकाळी ५:५०

काका, चमच्यापुढं स्विव्हल लावा, म्हणजे ती फिरती कडी. नाहीतर घरचा चमचा भोवऱ्यासारखा फिरतो आणि तंगुसाला पीळ बसतो. चमचा फिरायला नको, डुलायला हवा, घायाळ मासळीसारखा. थोडा वाकवून इंग्रजी एस सारखा करा.

शिसं आणू नका. इथं लून नावाचा पक्षी आहे, एक डॉलरच्या नाण्यावर तोच आहे, म्हणून नाण्यालाही लूनी म्हणतात. तो तळातले खडे गिळतो, त्यात शिशाचा गोळा गेला की विषबाधा होऊन मरतो. राष्ट्रीय उद्यानांत बारकं शिसं वापरायला बंदीच आहे. अल्गोंक्विन हे प्रांताचं पार्क, पण लून तिथंही आहेतच. टिनचे गोळे मिळतात.

कनूत बसून करायचं असेल तर जावयाला हळूहळू वल्हवू द्या आणि तुम्ही मागं चाळीस-पन्नास मीटर तंगूस सोडून बसा. कनूचा वेग या माशाला बरोबर जमतो. जुन्या काळी इथले लोक उन्हाळ्यातसुद्धा यंत्राशिवाय धरायचे. तांब्याची तार हातात धरून ओढायचे, तारेच्या वजनानंच चमचा खोल जायचा.

आक्का_कागल | १२ मार्च, रात्री ८:३०

बाकी सगळं झालं, खायचा कसा ते कुणी सांगंना.

मस्कोका_मराठी | १३ मार्च, सकाळी ६:२०

आक्का, चरबीचा मासा आहे, बांगड्यापेक्षा तेलकट म्हणा. सुपीरियर सरोवरात सिस्कोवेट नावाचा याचा एक प्रकार इतका चरबट की तव्यावर नुसता वितळतो. म्हणून तेल जवळजवळ नको. पोटात कांदा-लसूण मसाला, मीठ, दोन आमसुलं, कोथिंबीर, आणि फॉइलमध्ये गुंडाळून निखाऱ्यावर. आम्ही असाच करतो. रस्सा करू नका, वर तवंग येतो आणि तो कटाचा नसतो.

मोठा मासा मात्र खाऊ नका. हा दीर्घायुषी आहे, वर्षानुवर्षं अंगात पारा साठतो. कुठल्या तळ्यातला केवढा मासा महिन्यातून किती वेळा खावा याची ओंटारिओ सरकारची यादी आहे.

गडकोट_मासेकोट | १३ मार्च, सकाळी ११:०५

थोडं कडू बोलतो. वसंतात मासा काठाला येतो, सहज सापडतो, म्हणून धरा. हे म्हणजे आपल्या चढणीच्या माशांसारखंच झालं की. मृगाचा पहिला मोठा पाऊस पडला की मासे ओढ्याला, ओघळीला चढतात आणि गावच्या गाव टोपल्या, पंचे, काठ्या घेऊन उतरतं. प्रत्येक माशाच्या पोटात गाभोळी. मी स्वतः लहानपणी केलंय. आज आमच्या ओढ्याला चढायला मासाच नाही. सहज सापडतो ती वेळ त्याच्या अडचणीची असते, तेव्हाच नेमका धरायचा का?

पाटलांचा_बारका | १३ मार्च, सकाळी ११:३०

आता काका दोन मासे धरतील तर कॅनडा ओस पडणार हाय काय?

तळ्याकाठची_बाई | १३ मार्च, दुपारी ३:४०

गडकोट, तुमचा मुद्दा चढणीच्या माशांबाबत शंभर टक्के खरा. पण इथं उलटं आहे. आपला मासा पाऊस लागला की अंडी घालायला चढतो. लेक ट्राउट अंडी घालतो शरद ऋतूत, पाणी गार व्हायला लागल्यावर, तळ्यातल्या खडकाळ उथळ जागी. घरटंही करत नाही, दगडांच्या फटीत अंडी सोडून देतो. वसंतात तो काठाला येतो तो निव्वळ पोटासाठी. म्हणजे आपल्याकडं सोपी वेळ ती विणीची, तिकडं सोपी वेळ ती जेवणाची. अल्गोंक्विनमध्ये शरदात या माशाची धरणी बंद असते ती याचसाठी.

तुमचं खरं म्हणणं दुसऱ्या बाजूनं लागू पडतं. हा मासा फार सावकाश वाढतो. वयात यायलाच सहा-आठ वर्षं, कधी जास्त. दोन किलोचा मासा दहा-बारा वर्षांचा असू शकतो. आपला कटला तेवढं वजन वर्षा-दोन वर्षांत करतो. कटला खाल्ला तर पुढच्या वर्षी दुसरा. हा खाल्ला तर त्याची जागा भरायला एका मुलाची प्राथमिक शाळा होते.

ओपिओंगो नावाचं अल्गोंक्विनमधलं सगळ्यात मोठं तळं आहे. तिथं १९३६ पासून मत्स्यसंशोधन केंद्र आहे आणि लोकांनी धरलेल्या ट्राउटची नोंद तेव्हापासून ठेवतात. तिथं १९४८ मध्ये सिस्को नावाची मासळी सोडली, ट्राउटला खायला. मासा मोठा व्हायला लागला, पण वयातही उशिरा यायला लागला. खाणं वाढवलं म्हणून संख्या वाढतेच असं नाही.

गडकोट_मासेकोट | १३ मार्च, दुपारी ४:१५

शरदाचं माहीत नव्हतं. मागं घेतो. प्राथमिक शाळेचं मात्र लक्षात राहील.

गळ_आणि_गप्पा | १३ मार्च, रात्री १०:००

सोडायचा असेल तर एक: हात ओले करून धरा, पाण्याबाहेर जास्त वेळ नको, गळाचा उलटा काटा पक्कडनं दाबून टाका. या माशाच्या पोटातल्या हवेच्या फुग्याची नळी घशाशी जोडलेली असते, त्यामुळं खोलातून वर आला तर तो हवा तोंडातनं सोडू शकतो. पर्चसारख्या माशांना ते जमत नाही, ते फुगून मरतात.

मस्कोका_मराठी | २ एप्रिल, सकाळी ६:३०

धागा वर काढते, कारण एक महत्त्वाचं राहिलं. काका, पोहता येतं हे मला माहीत आहे, पंचगंगेवरची माणसं तुम्ही. ते इथं उपयोगाचं नाही. मेमध्ये पाणी चार-सहा अंश असतं. इथं एक-दहा-एक असं शिकवतात. पडल्यावर पहिलं १ मिनिट धाप लागते, तेव्हा फक्त श्वास आवरायचा. मग १० मिनिटं हातपाय ऐकतात, तेवढ्यात बाहेर निघायचं. साधारण १ तासानं शुद्ध जाते. तो एक तास मिळतो तो अंगात लाइफ जॅकेट असेल तरच. कनूत पायाखाली ठेवलेलं जॅकेट म्हणजे घरी ठेवलेलं जॅकेट. आणि काठ सोडून मधोमध जायचं नाही, दुपारचा वारा मोठ्या तळ्यावर लाटा उठवतो.

दुसरं, काळ्या माश्या. ब्लॅक फ्लाय. मेच्या मध्यापासून. डोक्याला जाळी घ्या. डास परवडले.

बंधाऱ्यावरचा_गळ | २ एप्रिल, रात्री ९:००

ताई, जॅकेट घालणार. मंडळीनंच तंबी दिली आहे. जाळीचं बघतो, चार माश्यांना काय घाबरायचं.

बंधाऱ्यावरचा_गळ | ३ जून, रात्री ८:४० (हंट्सविल)

मंडळी, उशीर झाला, क्षमस्व. हिशेब देतो.

लायसन्स आठ दिवसांचं काढलं, कार्डासकट. तळ्याचं नाव विचारू नका, जावयाची अट आहे. मलाही पटली, बंधाऱ्यावरची माझी वामची कपार मी कुणाला सांगितलेली नाही.

पहिला दिवस, १३ मे. काठावरच्या खडकावरनं टाकायला लागलो. दुसऱ्याच फेकीला चमचा दगडात अडकला. वेळूच्या काठीची सवय, जोरात ओढला, तंगूस तुटलं. एक चमचा गेला. दुसरा जपून टाकत बसलो. दिवसभर काही नाही. पण तळं काय सांगू. माणूस नाही, आवाज नाही, पाणी इतकं नितळ की दगड न् दगड दिसतोय, आणि मध्येच तो लून ओरडतो. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मंडळी म्हणाली, कोण रडतंय?

दुसरा दिवस, कनू. जावई वल्हवतायत, मी मागं सोडून बसलोय. थंडीनं बोटं आखडली. काही नाही. जावयाच्या विकतच्या चांदीच्या चमच्याला एक लागला, होडीजवळ येऊन सुटला. ते हळहळले, मी वरवर हळहळलो.

तिसऱ्या दिवशी पाऊस, घरी.

चौथ्या दिवशी पहाटे परत तोच खडक. शेजारी ओढ्याचं तोंड आहे. ताईंनी सांगितलेलं आठवून अगदी सावकाश ओढत होतो. एकदा मागं सावली येताना दिसली. चमच्याच्या हातभर मागं, लांबलचक, काळपट. आली, बघितलं आणि वळली. माझे पाय लटपटले. परत फेकला. परत सावली. आणि तेवढ्यात एक काळी माशी डोळ्यात गेली. जाळी घेतली नव्हती हे कबूल. रीळ सोडून डोळा चोळायला लागलो. चमचा बुडाला असणार, आणि तिथं काठीला असा हिसका बसला की काठी खडकावर आपटली. म्हणजे एवढे दिवस मी ओढतच होतो, थांबायचं होतं. डुलत डुलत बुडणारा चमचा त्याला पाहिजे होता.

मरळासारखा उड्या मारत नाही हा मासा. खाली खाली जातो आणि डोकं हलवतो, काठीतनं कळतं, ठक ठक ठक. दहा मिनिटांनी काठाला आला. अठ्ठेचाळीस सेंटिमीटर, किलोभर असेल. गडद अंगावर फिकट ठिपके, शेपटी दुभंगलेली. बाई, दोन्ही बघितलं.

नियमात बसत होता. जावयानं विचारलं, सोडायचा की न्यायचा. खरं सांगतो, बाईंची ती प्राथमिक शाळा डोक्यात आली. पण मंडळी आणि लेक काठावर चूल पेटवून बसल्या होत्या. नेला. त्यानंतर आणखी दोन लागले लायसन्स संपेपर्यंत, ते सोडले. एक माझा, एक जावयाचा.

आक्का, निखाऱ्यावर केला, कांदा-लसूण मसाला लावून. आत मांस नारिंगी रंगाचं. काटे रोहूच्या मानानं नाहीतच. चव चांगली, पण खरं सांगू? वामची नाही.

आता तो खडक रिकामा. परवा जाऊन आलो, लायसन्स नाही म्हणून नुसतं बघायला. पाण्यात हात घातला, कोमट लागलं. गेला खाली.

मिसळ_एक्स्ट्रा_कट | ३ जून, रात्री ८:५५

जिंकलंसा काका! डोळा कसा आहे?

बंधाऱ्यावरचा_गळ | ३ जून, रात्री ९:०२

तीन दिवस मोदकासारखा होता.

मस्कोका_मराठी | ४ जून, पहाटे ५:३०

काका, मी अगदी हळू ओढा म्हटलं, मध्येच थांबा हे सांगायचं राहिलंच. चूक माझी. पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाला सांगताना माशीचाही उल्लेख करीन.

पाटलांचा_बारका | ४ जून, सकाळी १०:१०

तो उरलेला चमचा आणा परत. बंधाऱ्यावर मरळाला टाकून बघू.

बंधाऱ्यावरचा_गळ | ४ जून, सकाळी १०:४०

आणतो. पण मंडळीला इथं बसल्या बसल्या लेकीशी बोलताना आठवलंय की सेटमध्ये चारच राहिलेत.